सरोवराकाठची वंशावळ

१९५२ साली अमेरिको नेग्रेते हे तरुण डॉक्टर व्हेनेझुएलातल्या माराकायबो शहराजवळ, सरोवराकाठच्या गरीब भागात नोकरीवर रुजू झाले. सान लुईस नावाच्या वस्तीत जाता-येता त्यांना एक गोष्ट खटकू लागली. भर दिवसा, भर रस्त्यात माणसं झोकांड्या खात चालत. हात मध्येच उडत, मान हिसका बसल्यासारखी एका बाजूला वळे, तोंड वेडंवाकडं होई. वस्तीत दारू फार बोकाळली आहे, असं त्यांना वाटलं. लोकांनीच त्यांची समजूत दुरुस्त केली. ही माणसं प्यायलेली नाहीत, त्यांना 'सान व्हितो' झालाय, असं त्यांना सांगण्यात आलं.

काठावरच्या लोकांना हा आजार चांगला ओळखीचा होता. तो कोणत्या घरांत आहे, कोणाच्या आजीला होता आणि आता कोणाच्या थोरल्याला लागलाय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरच्या वैद्यकाला मात्र त्याची गंधवार्ता नव्हती. नेग्रेते घरोघर फिरू लागले. कोणाचं कोणाशी काय नातं, कोण कशानं गेलं, हे त्यांनी लिहून काढलं. पाठ्यपुस्तकांशी ताडून पाहिल्यावर त्यांची खात्री पटली, की हा हंटिंग्टनचा आजार आहे. तोही एखाद-दुसऱ्या घरात नाही, सबंध वस्तीभर. १९५५ मध्ये त्यांनी देशातल्या वैद्यकीय परिषदेत हे मांडलं आणि १९६३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. पुस्तक स्पॅनिशमध्ये होतं. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या प्रयोगशाळांनी त्याची दखल घ्यायला आणखी बरीच वर्षं जावी लागली. मेंदूच्या आजारांच्या इतिहासात नेग्रेते यांचं नाव आजही जेवढं घ्यायला हवं तेवढं घेतलं जात नाही. पुढे जे काही घडलं, त्याचा पाया त्यांच्या पायपिटीनं घातला होता.

माराकायबोचं सरोवर सुमारे १३ हजार चौरस किलोमीटरचं. दक्षिणेला कातातुंबो नदी त्याला मिळते, तिथे वर्षातल्या कित्येक रात्री आकाश विजांनी उजळतं. डिसेंबर १९२२ मध्ये पूर्वेच्या काठावर काबिमासजवळ एका विहिरीतून तेलाचा फवारा उडाला आणि व्हेनेझुएलाचं नशीब पालटलं. पाण्यात तेलविहिरींचे मनोरे उभे राहिले, माराकायबो शहर श्रीमंत झालं, १९६२ मध्ये सरोवराच्या तोंडावर लांबलचक पूल बांधला गेला. पण पश्चिमेचं बारांकितास, पाण्यात खांबांवर उभं असलेलं लागुनेतास आणि शहराच्या कडेची सान लुईस वस्ती ही मासेमारीवर जगणारी गावं तेलाच्या पैशापासून लांबच राहिली. लागुनेतासला जायचं तर होडीनंच. घरं पत्र्याची आणि फळ्यांची, खाली पाणी. जगात हंटिंग्टनचे सर्वांत जास्त रुग्ण एकवटलेले सापडले ते या गावांत. पाश्चात्त्य देशांत लाखामागे साधारण ५ ते १० जणांना हा आजार असतो. इथे एका आईच्या पाच-सहा मुलांना तो असणं नवलाचं नव्हतं.

या आजाराचा क्रूरपणा त्याच्या वेळापत्रकात आहे. आईला किंवा वडिलांना तो असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी, फरक पडत नाही. आणि लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीत सुरू होतात, म्हणजे लग्न होऊन, मुलंबाळं झाल्यावर. सुरुवात क्षुल्लक असते. बोटं स्थिर राहत नाहीत, वस्तू हातातून निसटतात, माणूस चिडचिडा होतो, कामाचा क्रम लावता येत नाही. मग अंग आपोआप वळवळू लागतं. चालणं नाचल्यासारखं दिसतं, बोलणं अडखळतं, गिळणं अवघड होतं. विचारशक्ती ढासळत जाते, खोल नैराश्य येतं. पंधरा-वीस वर्षांत माणूस अंथरुणाला खिळून, हाडांचा सापळा होऊन जातो. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या, हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या स्ट्रायेटम या भागातल्या चेतापेशी या काळात एकेक करून मरत असतात.

आजाराला ज्यांचं नाव आहे ते जॉर्ज हंटिंग्टन न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे. वडील डॉक्टर, आजोबाही डॉक्टर. लहानपणी वडिलांबरोबर घोडागाडीतून रुग्णांकडे जाताना रस्त्यात त्यांना दोन बायका दिसल्या, एक आई आणि तिची मुलगी. दोघी उंच, हडकुळ्या, सारख्या वाकत-वळत होत्या. ते दृश्य मुलाच्या मनात घर करून राहिलं. १८७२ मध्ये, पदवी घेऊन फार काळ झाला नव्हता तेव्हा, त्यांनी या आजारावर छोटासा निबंध वाचला आणि तो त्याच वर्षी छापून आला. तो घराण्यातून येतो, उतारवयाकडे झुकताना सुरू होतो आणि एखाद्या पिढीत चुकला तर त्या शाखेत पुन्हा उगवत नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नव्हते. एका घराण्याच्या तीन पिढ्यांनी एकाच गावात डॉक्टरकी केली, म्हणून रुग्णांच्या तीन पिढ्या त्यांच्या नजरेखालून गेल्या होत्या. त्या नोंदींशिवाय हा निबंध झाला नसता.

माराकायबोच्या काठावर हा आजार कोणी आणला, याच्या कहाण्या बऱ्याच आहेत. युरोपातून आलेल्या एका खलाशाचं नाव त्यात येतं. कागदोपत्री हाती लागलेला धागा मारिया कॉन्सेप्सियॉन सोतो या बाईपर्यंत पोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती या काठावर राहत होती. तिच्या वंशात हा आजार पुढे पुढे सरकत गेला. कुटुंबं मोठी, दहा-बारा मुलं सर्रास. गावं आडबाजूची, लग्नं जवळपासच्या जवळपास. अशा ठिकाणी एका बाईच्या पेशीतली एक चूक दीडशे वर्षांत हजारो माणसांपर्यंत जाऊ शकते.

१९६८ साली लॉस एंजेलिसमध्ये एका सकाळी लिओनोर वेक्सलर ज्युरीच्या कामासाठी न्यायालयाकडे निघाल्या होत्या. रस्ता ओलांडताना त्यांचा तोल जात होता. इतक्या सकाळी प्यायला कशी, म्हणून पोलिसानं त्यांना झापलं. माराकायबोला नेग्रेते यांची झाली होती तीच गफलत इथे पोलिसाची झाली. लिओनोर यांनी कोलंबिया विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकताना आनुवंशिकतेवर काम केलं होतं. त्यांचे वडील आणि तिन्ही भाऊ हंटिंग्टननंच गेले होते. निदान झालं. त्यांचे पती मिल्टन वेक्सलर मनोविश्लेषक होते, दोघांचा घटस्फोट होऊन काही वर्षं झाली होती. त्यांनी दोन्ही मुलींना, अ‍ॅलिसला आणि नॅन्सीला, बोलावून घेतलं आणि आईचा आजार काय आहे, तो तुम्हालाही होण्याची शक्यता निम्मी आहे, हे सांगितलं. त्या वेळी नॅन्सी बावीस-तेवीस वर्षांच्या होत्या.

मिल्टन वेक्सलर यांनी त्याच वर्षी आनुवंशिक आजारांवरच्या संशोधनासाठी निधी उभारायला सुरुवात केली. त्यांची बैठक घेण्याची रीत वेगळी होती. ते तरुण शास्त्रज्ञांना बोलावत, आणि निबंध वाचायला, स्लाइड दाखवायला मनाई करत. टेबलाभोवती बसायचं आणि मनात येईल ते बोलायचं, चुकलं तरी बोलायचं. शिवाय बैठकीत एखादा रुग्ण आपली हकिगत सांगायला येई. ज्यांनी आयुष्यात फक्त माश्या आणि जिवाणू पाहिले होते, अशा कित्येक संशोधकांनी हंटिंग्टनचा रुग्ण पहिल्यांदा तिथे पाहिला. पुढच्या दोन दशकांतले मोठे शोध लावणारी बरीच माणसं या बैठकांतून आली, ही गोष्ट मिल्टन यांच्या बाजूनं फार बोलते.

नॅन्सी मानसशास्त्र शिकत होत्या. १९७२ मध्ये हंटिंग्टन यांच्या निबंधाला शंभर वर्षं झाली म्हणून ओहायोत परिषद भरली होती. तिथे नेग्रेते यांचे विद्यार्थी रामोन आविला हिरोन यांनी माराकायबोच्या काठावर चित्रित केलेली कृष्णधवल फिल्म दाखवली. गल्लीत, दारात, होडीवर, जिकडे पाहावं तिकडे रुग्ण. एकाच वस्तीत इतके. नॅन्सी वेक्सलर यांच्या डोक्यातून ती फिल्म गेली नाही. १९७६ मध्ये अमेरिकी संसदेनं या आजारासाठी आयोग नेमला आणि त्याच्या कार्यकारी संचालक म्हणून नॅन्सी यांनी देशभर रुग्णांच्या कुटुंबांचे जबाब ऐकले. लिओनोर १९७८ मध्ये गेल्या. पुढच्याच वर्षी नॅन्सी पहिल्यांदा व्हेनेझुएलात उतरल्या.

आधी त्या वेगळ्याच शोधात होत्या. कोलेस्टेरॉलच्या एका आनुवंशिक विकारात आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक मिळालेल्या मुलांचा अभ्यास केल्यामुळे आजाराचं मूळ कळलं होतं. हंटिंग्टनच्या बाबतीत असं मूल सापडायचं तर दोन्ही पालक रुग्ण असलेलं घर हवं. ते या काठाशिवाय कुठे मिळणार? अशी घरं इथे होती. पुढे १९८७ मध्ये कळलं, की जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्यांचा आजार एकच प्रत सदोष असलेल्यांसारखाच असतो. त्या काळी कोणालाही अपेक्षित नसलेला हा निष्कर्ष होता.

पण १९७९ च्याच ऑक्टोबरात मिल्टन वेक्सलर यांच्या संस्थेनं घेतलेल्या एका बैठकीत सगळी दिशा बदलली. डेव्हिड हाउसमन, डेव्हिड बॉट्स्टीन, रे व्हाइट हे शास्त्रज्ञ त्या काळात एक नवी कल्पना मांडत होते. आजार कोणत्या जनुकामुळे होतो ते माहीत नाही, त्यातून कोणतं प्रथिन तयार होतं तेही माहीत नाही. तरीसुद्धा जनुक कुठे आहे ते शोधता येईल. अनोळखी गावात घर शोधताना आपण घराचा क्रमांक विचारत बसत नाही, मारुतीच्या देवळामागचं घर कुठलं असं विचारतो. तसं डीएनएवर माणसागणिक थोडं बदलणारं एखादं ठिकाण खूण म्हणून धरायचं. एका घराण्यात आजार आणि खुणेचा विशिष्ट प्रकार पिढ्यान्‌पिढ्या बरोबरच येत असतील, तर जनुक त्या खुणेच्या शेजारी आहे. अडचण एवढीच, की अशा खुणा तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माहीत होत्या आणि माणसाच्या डीएनएची लांबी तीन अब्ज अक्षरांची. बैठकीत वाद झाला. काहींना हे मृगजळामागे धावणं वाटलं. पण एका गोष्टीवर दुमत नव्हतं. प्रयोग करायचाच तर भलंमोठं घराणं हवं, आजारी आणि निरोगी दोन्ही नातेवाईक असलेलं, आणि सगळ्यांचं रक्त हवं.

घराणं कुठे आहे, हे नॅन्सी पाहून आल्या होत्या.

१९८१ पासून दरवर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास त्यांची तुकडी माराकायबोला जाऊ लागली. अमेरिकेतले, युरोपातले, दक्षिण अमेरिकेतले डॉक्टर, नर्स, आनुवंशिकीचे अभ्यासक. स्थानिक डॉक्टरांच्या मदतीशिवाय त्यांना कोणी दारात उभं केलं नसतं. उन्हात, एकाच खोलीत तपासणी, मुलाखती, नाती लिहिणं आणि रक्त काढणं एकाच वेळी चाले. रक्त ताजं असताना बॉस्टनला पोचणं गरजेचं होतं, म्हणून रक्त काढायचा दिवस विमानाच्या वेळेवर ठरे. नाती लिहिणं हे याहून किचकट काम. एका बाईची पाच मुलं एका पुरुषाची, चार दुसऱ्याची, एकाच नावाचे तीन भाऊ, आडनावं दोन-तीनच. वंशावळीचे कागद जोडत गेल्यावर ते न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठात नॅन्सी यांच्या खोलीबाहेरच्या भिंतीभर पसरले.

लोकांनी रक्त का द्यावं? औषध नव्हतं, पैसे मिळणार नव्हते, आणि इथले लोक तर बाहेरून येणाऱ्यांना फार जपूनच वागवत आले होते. त्यांची समजूत होती की हा आजार फक्त आपल्याच काठावर आहे. एका भेटीत त्वचेचा छोटा तुकडा तपासायला मागितला तेव्हा लोक बिचकले. तुकडीत फिदेला गोमेस नावाच्या नर्स होत्या. त्यांनी नॅन्सी यांचा हात धरला, सगळ्यांना दिसेल असा उंच केला आणि दंडावरचा छोटासा व्रण दाखवला. हिनं स्वतःच्या कातडीचा तुकडा आधीच दिलाय, हिच्या आईला हाच आजार होता, हिलाही तो होऊ शकतो, असं त्यांनी लोकांना सांगितलं. लोक व्रण बघायला पुढे आले. अमेरिकेतल्या, शिकलेल्या बाईच्या घरातही 'सान व्हितो' असू शकतो, हे त्यांच्या कल्पनेतही नव्हतं. त्यानंतर रक्ताला कोणी फारसं नाही म्हटलं नाही. विज्ञानाच्या कहाणीत बुद्धी, यंत्रं, निधी यांना श्रेय मिळतं. त्या दंडावरच्या व्रणालाही त्यात जागा हवी. या माणसांनी विश्वास टाकला तो एका समदुःखी बाईवर.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेम्स गुसेला नावाचे तिशीतले संशोधक या रक्तावर काम करत होते. एकेक खूण घ्यायची आणि घराण्यात ती आजाराबरोबर फिरते का ते पाहायचं. शेकडो खुणा तपासाव्या लागतील आणि दहा वर्षं जातील, अशी सगळ्यांची मनाची तयारी होती. आधी आयोवातल्या एका अमेरिकी कुटुंबात 'जी८' नावाची खूण आशादायक वाटली. मग व्हेनेझुएलाच्या घराण्याची माहिती इंडियाना विद्यापीठात मायकेल कॉनेली यांच्या संगणकावर चढली आणि शंकेला जागा उरली नाही. गुसेला यांनी तपासलेल्या पहिल्या डझनभर खुणांतच ती सापडली होती. हंटिंग्टनचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे, हे नोव्हेंबर १९८३ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. अशा खुणांच्या आधारे माणसाच्या एखाद्या आजाराच्या अज्ञात जनुकाची जागा ठरवण्याचं हे पहिलं मोठं यश होतं. पुढे सिस्टिक फायब्रोसिससारख्या कित्येक आजारांची जनुकं याच वाटेनं सापडली, आणि मानवी जनुकसंचाचा सगळा नकाशा काढायच्या प्रकल्पाला बळ मिळालं.

नशिबानं दिलेली घाई इथेच संपली. खूण सापडली, जनुक सापडेना. चौथ्या गुणसूत्राच्या अगदी टोकाला ते लपलं होतं आणि तिथला पुरावा एकमेकांच्या विरुद्ध बोलत होता. काही कुटुंबांच्या नोंदी टोकाकडे बोट दाखवत, काहींच्या त्याहून आत. संशोधकांनी सगळी शक्ती टोकावर लावली आणि वर्षं वाया गेली. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या सहा गटांनी स्पर्धा बाजूला ठेवून एकत्र काम करायचं ठरवलं, त्याला मिल्टन आणि नॅन्सी वेक्सलर यांचा दट्ट्याही कारणीभूत होता. माराकायबोच्या वाऱ्या चालूच होत्या. प्रत्येक नव्या जन्मात गुणसूत्रांची थोडी अदलाबदल होते, म्हणून प्रत्येक नव्या नातवाचं रक्त शोधाचा पट्टा थोडा अरुंद करी. अखेर २६ मार्च १९९३ च्या 'सेल'मध्ये निकाल आला. लेखकांच्या जागी एकाही व्यक्तीचं नाव नव्हतं, फक्त संयुक्त गटाचं नाव होतं. त्या गटात ५८ शास्त्रज्ञ होते.

त्या जनुकाच्या सुरुवातीलाच 'सीएजी' ही तीन अक्षरं एकापाठोपाठ एक पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात साधारण वीसेक वेळा, पस्तिसापर्यंत चालतं. चाळीस किंवा जास्त वेळा आली, की पुरेसं आयुष्य मिळालेल्या माणसाला आजार होतोच. छत्तीस ते एकोणचाळीस हा अधांतरी टापू, कोणाला होतो, कोणाला होत नाही. साठाच्या वर गेली तर विशीच्या आत, कधी लहान मुलांतही तो दिसतो. वडिलांकडून मुलाकडे जाताना ही संख्या वाढण्याचा धोका अधिक. म्हणूनच काठावरच्या घरांत आजोबांना पन्नाशीत, वडिलांना चाळिशीत आणि नातवाला शाळेत असतानाच आजार लागल्याची उदाहरणं सापडत.

ही तीन अक्षरं आली, की पेशी प्रथिनात ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल जोडते. ३,१४४ अमिनो आम्लांच्या लांबलचक प्रथिनाला, ज्याला आता हंटिंगटिन म्हणतात, ग्लुटामिनची वाजवीपेक्षा लांब शेपटी लागते. केंब्रिजमध्ये हिमोग्लोबिनची रचना उलगडणारे मॅक्स पेरुत्झ यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की अशा शेपट्या एकमेकींत घट्ट अडकू शकतात. १९९६ मध्ये लंडनमध्ये गिलियन बेट्स यांच्या गटानं या जनुकाचा सदोष तुकडा उंदरांत घातला. उंदरांचं अंग थरथरू लागलं. वर्षभरात त्यांच्या चेतापेशींच्या केंद्रकांत या प्रथिनाच्या गुठळ्या दिसल्या आणि लगोलग माणसांच्या मेंदूतही त्या सापडल्या. अल्झायमर्स, पार्किन्सन्स, हंटिंग्टन या तिन्हींत प्रथिनं वेगवेगळी, पण घडी चुकलेलं प्रथिन साठत जाणं तिन्हींत दिसतं. फरक असा, की हंटिंग्टनचं मूळ एकाच जनुकात आहे, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची साखळी इथे तपासून पाहता येते. २००० साली कोलंबिया विद्यापीठात सदोष जनुक हवं तेव्हा बंद करता येईल असे उंदीर तयार केले गेले. जनुक बंद केल्यावर गुठळ्या विरल्या आणि उंदरांची हालचालही सुधारली. आजार सुरू झाल्यावरही मेंदूत काही वाचवण्यासारखं उरलेलं असतं, ही फार मोठी बातमी होती.

तरी एक कोडं उरलं. सीएजीची संख्या सारखीच असलेल्या दोन भावंडांत एकाला पस्तिशीत आजार, दुसऱ्याला पन्नाशीत, हे कसं? त्याचं उत्तर शोधायला पुन्हा माराकायबोच उपयोगी पडलं. २००४ मध्ये छापलेल्या निबंधात या घराण्याची नोंद १८,१४९ माणसांची, दहा पिढ्यांची होती, त्यांतले १५,४०९ तेव्हा जिवंत होते. सीएजीची संख्या वगळल्यावर जो फरक उरतो, त्यात इतर जनुकांचा आणि परिस्थितीचा वाटा आहे, हे त्यातून दिसलं. पुढे हजारो रुग्णांचे डीएनए तपासल्यावर ती इतर जनुकं हाती लागली, आणि त्यांतली बरीच डीएनएची दुरुस्ती करणारी निघाली. २०२५ च्या सुरुवातीला हार्वर्डमधल्या स्टीव्हन मॅककॅरोल यांच्या गटानं मृत रुग्णांच्या मेंदूतली एकेक पेशी तपासून सांगितलं, की जन्मतः चाळीस-पंचेचाळीस असलेली सीएजीची संख्या स्ट्रायेटममधल्या पेशींत आयुष्यभर वाढत राहते. साधारण दीडशेपर्यंत पेशीला फारसा त्रास होत नाही, ती मर्यादा ओलांडली की पेशी झपाट्यानं कोलमडते. माणूस चाळीस वर्षं धडधाकट का राहतो, याचं हे आजवरचं सर्वांत पटण्यासारखं स्पष्टीकरण आहे.

काठावरच्या माणसांना यातून काय मिळालं, हा प्रश्न टाळता येत नाही. नॅन्सी यांनी तो टाळला नाही, हे नोंदवलं पाहिजे. त्यांच्या प्रयत्नांतून १९९९ मध्ये माराकायबोला रुग्णांसाठी 'कासा ओगार आमोर इ फे' हे शुश्रूषागृह सुरू झालं. तुकडीबरोबर औषधं, कपडे, खाऊ जाई. पण या शतकाच्या सुरुवातीला राजकारणामुळे तुकडीच्या वाऱ्या थांबल्या. नंतर देशाची अर्थव्यवस्था कोसळली, शुश्रूषागृह बंद पडलं. गिळता न येणाऱ्या रुग्णाला एरवीही जास्त उष्मांक लागतात. सतत हलणारं शरीर शक्ती खात राहतं. तिथे धान्याचाच तुटवडा झाला, लोक कोलंबियाकडे निघाले, आणि दहा पिढ्या एका काठावर राहिलेलं घराणं पांगायला लागलं. १८ मे २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये दक्षिण अमेरिकेतून आलेल्या हंटिंग्टनच्या कुटुंबांची भेट घेतली आणि हा आजार आता लपवायचा नाही, असं आवाहन केलं. त्या रोमच्या सभागृहात माराकायबोहून आलेली कुटुंबंही होती. शेजाऱ्यांच्या कुचेष्टेत दिवस काढलेल्या माणसांना याचं मोल मोठं होतं. औषधाची, अन्नाची सोय मात्र त्यातून आपोआप होणार नव्हती.

१९८६ पासून लक्षणं दिसायच्या आधी चाचणी करून घेता येऊ लागली. नॅन्सी यांनी आपण ती केली की नाही, हे कधी जाहीर केलं नाही. उपाय नसलेल्या आजाराची आगाऊ माहिती कोणाला हवी आणि कोणाला नको, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे, असं त्यांचं म्हणणं होतं आणि धोका असलेल्यांपैकी बहुतेकांनी चाचणी न करणंच पसंत केलं आहे. मार्च २०२० मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ला सांगितलं, की आपल्यालाही हंटिंग्टन आहे. चालणं आणि बोलणं बदललेलं लोकांना दिसत होतंच. इतकी वर्षं ज्यांना त्या उघडपणे बोलायला सांगत होत्या, त्यांच्यासाठी आपण लपवाछपवी करू नये, असं त्यांना वाटलं.

सदोष प्रथिनाचं प्रमाण कमी करणारं टॉमिनेर्सेन हे औषध मोठ्या चाचणीत निराशाजनक ठरलं आणि मार्च २०२१ मध्ये त्याचे डोस थांबवावे लागले. ज्या कुटुंबांनी त्यावर आशा ठेवली होती, त्यांना तो जबर धक्का होता. सप्टेंबर २०२५ मध्ये 'युनिक्युअर' कंपनीनं एएमटी-१३० या जनुकोपचाराचे निष्कर्ष जाहीर केले. निरुपद्रवी विषाणूमार्फत स्ट्रायेटममध्ये एक सूचना पोचवली जाते आणि पेशी हंटिंगटिन कमी बनवू लागते. जास्त मात्रा मिळालेल्या रुग्णांत तीन वर्षांत आजार वाढण्याचा वेग सुमारे ७५ टक्क्यांनी मंदावला, असं कंपनीनं सांगितलं. रुग्ण मोजकेच, तुलना बाहेरच्या नोंदींशी केलेली, म्हणून सावधगिरी हवीच. तरीही या आजारात इतकी ठोस खूण याआधी दिसली नव्हती. उपचारासाठी कवटीला छिद्रं पाडून, एमआरआय यंत्रावर नजर ठेवून, कित्येक तास शस्त्रक्रिया करावी लागते. या चाचण्या अमेरिकेत आणि युरोपात झाल्या. बारांकितासला आणि लागुनेतासला आजही नियमित मिळणारं पौष्टिक अन्न, गिळायला त्रास होणाऱ्यांसाठी मदत आणि रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांना चार दिवसांची उसंत हवी आहे. त्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहायची गरज नाही. ज्यांनी या काठावरच्या रक्तावर आपली संशोधनं उभी केली, त्या संस्थांनी आणि कंपन्यांनी उद्याच्या उपचाराच्या किमती ठरवताना या गावांची नावं यादीत सर्वांत वर घालावीत, आणि ते आत्ताच लिहून द्यावं.